जंगलात रात्र काढायची की संध्याकाळी परतायचं? ताडोबा-पेंचचं बुकिंग करण्याआधी हे वाचा

दिवाळीची सुट्टी जवळ आली किंवा मे महिना लागला की एक रील हमखास फिरायला लागते. गर्द झाडी, मधोमध पिवळा तंबू, समोर शेकोटी, कुणाच्या तरी हातात गिटार आणि खाली कॅप्शन : 'ताडोब्यात कॅम्पिंग'. मग मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद सुरू होतो. अर्धे म्हणतात, एवढ्या लांब जातोच आहोत तर एक रात्र जंगलात काढू. उरलेले म्हणतात, सफारी करू आणि संध्याकाळी घरी येऊ, उगाच मुक्कामाचा खर्च कशाला?

दोन्ही बाजूंचं आपापल्या जागी बरोबर असू शकतं. पण या वादात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ताडोब्याच्या ज्या भागात वाघ बघायला आपण जिप्सीतून जातो, त्या कोअर भागात पर्यटकाला तंबू ठोकून रात्र काढता येत नाही. मग रीलमधला तो तंबू असतो कुठे? आणि जंगलातला मुक्काम म्हणजे नेमकं काय?

आधी कोअर आणि बफर समजून घेऊ

चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प तयार झाला. आज या प्रकल्पाचं कोअर क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर क्षेत्र सुमारे ११०० चौरस किलोमीटर आहे.

कोअर म्हणजे मधला गाभा. तो वन्यप्राण्यांसाठी राखलेला आहे. बफर म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. तिथे जंगल आहे, तशीच गावं आहेत, शेतं आहेत, रस्ते आहेत. माणूस आणि वाघ दोघंही तिथे राहतात.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात जायला परवाना लागतो. आपलं सफारीचं तिकीट हाच तो परवाना. तो ठरावीक वेळेचा, ठरावीक गेटचा आणि ठरावीक माणसांच्या नावाचा असतो. वेळ संपली की बाहेर पडावंच लागतं. याच कायद्यात वन्यप्राण्यांना त्रास देणं, कचरा टाकणं आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं यांनाही मनाई आहे.

२०१२ साली सुप्रीम कोर्टाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन काही महिने पूर्ण थांबवलं होतं. त्यानंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नवे नियम आणले. कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनासाठी वापरायचा आणि कोअरमधल्या कायमस्वरूपी पर्यटन सोयी टप्प्याटप्प्याने बंद करायच्या, असं त्यात ठरलं.

म्हणजे 'ताडोब्यात राहिलो' असं कुणी सांगतं, तेव्हा तो मुक्काम बहुतेक वेळा मोहर्ली किंवा कोलारासारख्या गेटच्या आसपास, बफरमधल्या किंवा बफरला लागून असलेल्या एखाद्या गावात झालेला असतो. वन विभागाची निवासं, पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट, खासगी रिसॉर्ट, होमस्टे आणि शेतात लावलेले तंबू असे प्रकार तिथे मिळतात. रीलमधला तंबूही बहुधा अशाच एखाद्या शेतातला असतो.

मुक्काम केला तर वाघ दिसण्याची शक्यता वाढते का?

नुसत्या मुक्कामाने नाही. सफारींची संख्या वाढली तर वाढते.

वाघ प्रामुख्याने पहाटे, संध्याकाळी आणि रात्री हिंडतो. दुपारच्या उन्हात तो पाण्यात किंवा सावलीत पडून असतो. सफारीच्या दोन पाळ्याही त्याच हिशोबाने ठरवलेल्या आहेत : एक उजाडल्यावर सुरू होते, दुसरी दुपारी सुरू होऊन सूर्यास्ताच्या सुमारास संपते. प्रत्येक पाळी साधारण चार तासांची असते आणि ऋतूप्रमाणे वेळा थोड्या मागेपुढे होतात.

एका दिवसाच्या ट्रिपमध्ये लोक साधारण एक सफारी करतात. मुक्काम केला तर आदल्या दिवशी दुपारची आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची अशा दोन सफारी आरामात होतात. मुक्कामाचा खरा फायदा हा. त्यातही पहाटेच्या पाळीला महत्त्व आहे. रात्रभरात रस्त्यावरच्या धुळीत उमटलेले पायाचे ठसे तेव्हा ताजे असतात आणि त्यावरून वाघ कुठल्या बाजूला गेला याचा अंदाज गाइड बांधू शकतो. दुपारपर्यंत गाड्यांच्या चाकांखाली ते ठसे पुसले जातात.

मात्र रात्री रिसॉर्टच्या अंगणात बसून वाघ दिसेल या अपेक्षेने कुणी मुक्काम करत असेल, तर निराशाच होईल. आणि तो खरंच अंगणात आला, तर ती आनंदाची बातमी नसेल.

अंतराचं गणित काय सांगतं?

हा निर्णय बऱ्याचदा नकाशाच घेतो.

चंद्रपूर शहरापासून मोहर्ली साधारण ३० किलोमीटरवर आहे. तिथे राहणाऱ्याने मुक्कामाचा विचार करण्याची फारशी गरज नाही. पहाटे उठून सफारी केली तरी दुपारच्या जेवणाला घरी पोहोचता येतं.

नागपूरहून पेंचचं सिल्लारी गेट साधारण ७० किलोमीटरवर आहे. तिथेही एका दिवसाची ट्रिप नीट जमते. ताडोब्याचं कोलारा गेट मात्र नागपूरहून शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. पहाटेची सफारी गाठायची तर रात्री तीनच्या सुमारास घर सोडावं लागतं. म्हणजे झोप न झालेला चालक, अंधार आणि जंगलाला लागून जाणारा रस्ता असं सगळं एकत्र येतं. दुपारची सफारी घेतली तर हेच सगळं परतीच्या वाटेवर येतं.

हा धोका फक्त गाडीतल्या माणसांपुरता नाही. रात्री रस्ता ओलांडणाऱ्या प्राण्यांचा जीव जातो. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर म्हणूनच प्राण्यांसाठी खालून वाटा ठेवल्या आहेत. महाराष्ट्रातल्या टप्प्यात असे नऊ मार्ग आहेत आणि तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघांसह अनेक प्राणी त्यांचा वापर करताना दिसले आहेत. पण गेटकडे जाणाऱ्या लहान रस्त्यांवर अशी सोय नाही. तिथे चितळ, रानडुक्कर किंवा रोही अचानक समोर येतो.

त्यामुळे साधा नियम असा ठेवता येईल : एका बाजूचा प्रवास दोन तासांपेक्षा जास्त असेल आणि पहाटेची सफारी करायची असेल, तर आदल्या रात्री गेटजवळ पोहोचून झोपणं जास्त शहाणपणाचं. पुणे-मुंबईहून येणाऱ्यांना तर मुक्काम टळतच नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न इतकाच की रात्र चंद्रपूर-नागपूरच्या हॉटेलात काढायची की गेटजवळच्या गावात.

मग रात्रीत असं मिळतं काय?

वाघ बाजूला ठेवला तरी जंगलाजवळच्या रात्रीकडे द्यायला बरंच आहे. रातव्याचा एकसुरी आवाज, पिंगळ्याची कलकल, लांबून येणारी सांबराची धोक्याची हाक. दिवसा जिप्सीच्या इंजिनात यातलं निम्मं ऐकूच येत नाही.

आणि आकाश. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोली अशा आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून प्रकाश खाली, जमिनीकडेच पडेल अशी व्यवस्था केली गेली. अमावास्येच्या आसपास, हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे गेलं तर शहरात कधीच न दिसणारं आकाश दिसतं. त्यासाठी मात्र रात्र तिथेच काढायला हवी.

तिसरा अनुभव मचाणाचा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्राचा वन विभाग अनेक वर्षांपासून 'निसर्गानुभव' हा कार्यक्रम राबवत आला आहे. मे महिन्यात पाणवठे आटलेले असतात, उरलेल्या पाण्यावर प्राणी येतात आणि चंद्रप्रकाशात ते दिसतात. निवड झालेले लोक दुपारी मचाणावर चढतात आणि सकाळीच खाली उतरतात. पूर्वी पाणवठ्यांवरच्या अशा नोंदी प्राणीगणनेसाठी वापरल्या जायच्या. आता वाघांची मोजणी कॅमेरा ट्रॅपने होते, कारण प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. त्यामुळे मचाणावरची रात्र आज अनुभव आणि जनजागृती यासाठी उरली आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॉर्बेट प्रकरणातल्या निकालात व्याघ्र प्रकल्पांमधलं रात्रीचं पर्यटन पूर्ण बंद करायला सांगितलं. कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरायलाही मनाई केली. त्यामुळे 'नाइट सफारी करून देतो' असं कुणी एजंट सांगत असेल तर पैसे देऊ नका. मचाणाचा कार्यक्रम कुठे आणि कधी होणार, हेही फक्त वन विभागाच्या घोषणेवरूनच ठरवा.

तंबू की पक्की खोली?

कॅम्पिंग म्हटलं की लोकांना वाघाची भीती वाटते. रात्री जमिनीवर झोपणाऱ्याने खरं तर मण्यारीला जास्त घाबरायला हवं. हा विषारी साप रात्री फिरतो, जमिनीवरच्या अंथरुणात शिरू शकतो आणि त्याचा दंश अनेकदा झोपेत जाणवतही नाही. नीट खोचलेली मच्छरदाणी आणि जमिनीपासून उंच खाट या दोन गोष्टींनी हा धोका बराच कमी होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर डासांचा त्रासही असतोच.

सर्पदंश झालाच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काहीही करायचं नाही. माणसाला शक्यतो हलू न देता थेट रुग्णालयात न्यायचं. म्हणूनच मुक्कामाच्या जागेपासून सर्वात जवळचं ग्रामीण रुग्णालय किती लांब आहे, हे आधीच विचारून ठेवायला हवं. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक फोनमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवा. जंगलाजवळ नेटवर्क जातं आणि बॅटरीही संपते.

तंबूत राहायचंच असेल तर बुकिंग करण्याआधी मालकाला हे प्रश्न विचारा :

• तंबू नेमके कुठे आहेत? गावाजवळ की जंगलाच्या कडेला?
• जागेला कुंपण आहे का? रात्री जागा राहणारा माणूस असतो का?
• स्वच्छतागृह तंबूपासून किती अंतरावर आहे आणि वाटेत उजेड आहे का?
• तंबू जमिनीवर आहेत की ओट्यावर? आत खाट आहे का?
• उरलेलं अन्न आणि कचरा कुठे टाकतात?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. उघड्यावरच्या उष्ट्याखरकट्यावर रानडुकरं आणि कुत्री येतात. कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. आपण सकाळी निघून जातो. बिबट्याला लागलेली सवय मात्र त्या गावाकडे राहते.

शेकोटीचंही तसंच. विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात फेब्रुवारीपासून जूनपर्यंत वणव्यांचा काळ असतो. जमिनीवर सागाच्या वाळलेल्या पानांचा थर असतो आणि एक ठिणगीही पुरते. 'शेकोटी आणि डीजे'चं पॅकेज देणारी जागा जंगलाच्या कडेला असेल, तर ती टाळलेलीच बरी.

आपली मौज, त्यांचा रोजचा दिवस

ताडोबा हे नावच एका माणसाची आठवण सांगतं. इथल्या आदिवासींच्या कथेनुसार तारू नावाचा त्यांचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि पुढे देव झाला. ताडोबा तलावाच्या काठावर त्याचं ठाणं आहे.

ही गोष्ट जुनी असली तरी तिच्यातली भीती आजचीच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या कोअरमध्ये पायी सर्वेक्षण करणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. महाराष्ट्रात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ते ४४४ झाले. वाघ वाढले ही चांगलीच बातमी आहे. पण त्या वाढीसोबत जगण्याची जबाबदारी सगळ्यात आधी बफरमधल्या गावांवर पडते. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, राखणीला शेतात जाताना.

त्यामुळे मुक्काम कुठे करतो याला अर्थ आहे. गावातल्या होमस्टेत राहिलं, गावातल्याच बाईच्या हातची भाकरी खाल्ली, गावातला गाइड घेतला, तर जंगलाचा पैसा जंगलाजवळ राहणाऱ्यांच्या घरात जातो. संध्याकाळी परतणारी ट्रिप असली तरी गाइडची फी, जिप्सीचं भाडं आणि गावातलं जेवण यातून काही वाटा जातोच. डबा, पाणी, नाश्ता सगळं शहरातून आणलं आणि मागे फक्त प्लास्टिकच्या बाटल्या ठेवल्या, तर तोही जात नाही.

दिवसाची ट्रिप म्हणजे निर्धोक, असंही नाही

कॅम्पिंगवाले जंगल बिघडवतात आणि सफारीवाले नाही, असा समज करून घेण्याची गरज नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. तो व्हिडिओ व्हायरल झाला, चालक आणि गाइडवर कारवाई झाली आणि मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

त्या गाड्यांमध्ये बसलेले सगळे पर्यटकच होते. 'एवढे पैसे भरलेत, वाघ दाखवाच' हा आग्रह गाडीच्या मागच्या सीटवरून सुरू होतो आणि चालकाच्या ॲक्सिलरेटरपर्यंत पोहोचतो. हातात एकच सफारी असली की तो आग्रह वाढतो. दोन-तीन सफारी ठरवून आलेला माणूस तुलनेने निवांत असतो.

मग ठरवायचं कसं?

एका दिवसाची ट्रिप घ्या, जर तुम्ही चंद्रपूर, नागपूर किंवा भंडारा-गोंदियासारख्या जवळच्या भागात राहत असाल, सोबत अगदी लहान मूल किंवा औषधांवर असलेली वयस्कर माणसं असतील, किंवा जंगल आपल्याला आवडतं का हेच आधी बघायचं असेल. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा लहान मुलांना दुपारच्या सफारीला नेण्यापेक्षा पहाटेची पाळी बरी. हिवाळ्यात उलट, उघड्या जिप्सीतली पहाटेची थंडी झोंबते, म्हणून दुपारची पाळी सोयीची पडते.

गेटजवळच्या गावात मुक्काम करा, जर तुम्ही लांबून येत असाल, किमान दोन सफारी करणार असाल, किंवा पक्षी, आकाश, रात्रीचे आवाज यात रस असेल. पहिल्यांदाच जात असाल तर तंबूपेक्षा पक्की खोली घ्या.

तंबूचा विचार करा, जर हवामान कोरडं असेल, जागा गावाजवळ आणि कुंपणातली असेल आणि वर दिलेल्या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक मिळाली असतील. ग्रुपचा मूड गाणी, दारू आणि मोठ्या आवाजाचा असेल, तर त्यासाठी जंगल ही चुकीची जागा आहे. शहराजवळचं एखादं फार्महाऊस त्या कामाला जास्त योग्य.

मुक्कामाला जास्त खर्च येतो हे खरं, पण हिशोब नीट मांडून बघा. जिप्सीत सहा पर्यटक बसतात आणि भाडं गाडीमागे असतं. सहा जण असतील तर दोन सफारी आणि गावातला साधा होमस्टे, हा खर्च दोघांनी मिळून पूर्ण जिप्सी घेण्यापेक्षा माणशी कमी पडू शकतो. शनिवार-रविवारी आणि सणासुदीला दर वाढतात, गर्दीही वाढते. सुट्टी काढता येत असेल तर आठवड्याच्या मधले दिवस बघा.

बुकिंगच्या आधी शेवटच्या चार गोष्टी

ताडोब्याचा कोअर मंगळवारी बंद असतो. १ जुलै ते ३० सप्टेंबर या पावसाळ्याच्या काळातही तो बंद असतो, तेव्हा पाऊस-पाणी बघून बफरमध्ये सफारी सुरू ठेवली जाते. बुकिंग वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा आणि ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं ते मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. आणि क्रम उलटा करू नका : आधी सफारी मिळाली का ते बघा, मग खोली घ्या. खोली घेऊन ठेवली आणि सफारीच्या जागा भरल्या, म्हणून गेटवरूनच परत फिरणारी कुटुंबं दर सुट्टीत दिसतात.